शाल, श्रीफळ आणि मूठभर घेवडा

गावरान बी राखणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना भाषणाला बोलवायचं असेल तर वैशाखात बोलवावं, ८ मार्चला नको. हे मत आगाऊपणाचं वाटेल, पण त्यामागे हिशेब आहे. महिला दिनाला सभागृह गच्च भरतं, शाल-श्रीफळ होतं, पाहुण्यांची ओळख करून देणारे पाहुण्यांपेक्षा जास्त वेळ बोलतात आणि ज्यांच्यासाठी सगळे जमले त्यांना ‘दोन शब्द’ सांगायला दहा मिनिटं उरतात. बायका भारावून घरी जातात. कोणाला बियांची पुडी मिळालीच तर ती टीव्हीखालच्या खणात पडते. मृग लागायला तीन महिने असतात. तोवर पुडीवर काय लिहिलं होतं तेही पुसलेलं असतं. तेच बोलणं मे महिन्यात, रोहिणी लागायच्या तोंडावर झालं तर पंधरवड्यात बी मातीत जातं.

प्रसिद्ध बाईच्या शब्दाने दुसऱ्या बाईच्या घरात काही बदलतं का, हा प्रश्न असा वेळापत्रकाच्या अंगानेच पाहायला हवा असं मला वाटतं. प्रेरणा फार लवकर शिळी होते. त्याच आठवड्यात तिला काही काम मिळालं तर ती तग धरते. राहीबाईंच्या प्रसिद्धीत हे काम आयतं आहे. त्यांची गोष्ट ऐकून झाली की ऐकणारीच्या हातावर बी ठेवता येतं, आणि ते बी कसं राखायचं याचं अर्धं ज्ञान तिच्याकडे आधीपासूनच असतं.

त्यांची ओळख बहुतेकांना आहे, म्हणून थोडक्यात. जन्म १९६४चा, गाव कोंभाळणे, तालुका अकोले. कळसूबाईच्या मुलखातलं, महादेव कोळी वस्तीचं गाव. शाळेची पायरी त्या चढल्या नाहीत. घरच्या आणि आजूबाजूच्या गावरान वाणांचं बी त्या जमवत गेल्या, उरुळी कांचनच्या बायफ या ग्रामविकास संस्थेची साथ मिळाली आणि कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समितीतून ते काम गावोगाव पसरलं. सुरुवातीच्या काळातली नोंद १७ पिकांच्या ४३ वाणांची आहे: भात, नागली, वरई, घेवड्याचे कितीतरी प्रकार, कडधान्यं, तेलबिया. २०१८मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्या आल्या. मग नारीशक्ती पुरस्कार मिळाला. पद्मश्री २०२०ला जाहीर झाली आणि करोनामुळे प्रत्यक्ष हातात पडली ती नोव्हेंबर २०२१मध्ये.

आता त्यांच्या गाडग्यांकडे वळू, कारण खरी विद्या तिथे आहे आणि सत्काराच्या भाषणांत ती कधीच येत नाही.

घेवड्याचंच घ्या. बियाणं राखण्यात सगळ्यात मोठी चूक कापणीनंतर होत नाही, ती खाण्यात होते. वेलाला पहिला बहर आला की कोवळ्या शेंगा भाजीला किंवा बाजाराला जातात, कारण तेव्हा भाव असतो. मग शेवटी वेल थकल्यावर ज्या चार वाकड्यातिकड्या शेंगा उरतात त्या ‘बियाला’ ठेवल्या जातात. म्हणजे उशिरा आलेलं, किडीने चाखून सोडलेलं, अर्धपोसलेलं बी आपणच दरवर्षी निवडत जातो आणि पाच-सात वर्षांनी म्हणतो, गावरानात आता पूर्वीची चव राहिली नाही. जुन्या जाणत्या बाईची रीत उलटी. फुलोऱ्यातच ती पंधरा-वीस वेल हेरते: लवकर फुललेले, पानावर पिवळे डाग नसलेले, शेंगांनी लगडलेले. त्यांना चिंधी बांधायची आणि त्या वेलांवरच्या पहिल्या-दुसऱ्या तोड्याच्या शेंगांना कोणी हात लावायचा नाही. एकाच दणकट वेलाचं बी घेण्याचा मोहही टाळायचा. वीस वेलांचं बी एकत्र असलं की एखादं वर्ष पाऊस लांबला तरी त्यातले काही तगतात. एकाच वेलाचं असेल तर सगळे एकदम हात टेकतात.

शेंग वेलावरच वाळू द्यायची, हलवली की खुळखुळली पाहिजे. पण वाळल्यावर आठवडाभर तशीच लोंबकळत ठेवायची नाही. कडधान्यातला भुंगा घरात नंतर शिरतो हा समज चुकीचा आहे. तो शेतातच वाळत्या शेंगेवर अंडी घालतो आणि आपण त्याला दाण्यातून घरी आणतो. दाण्याच्या सालीवर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला तर ते अंडं समजायचं. निवडताना दाणे पांढऱ्या कापडावर न घेता काळ्या घोंगडीवर किंवा ताटात घेतले तर हे ठिपके आणि पिठूळपणा चटकन दिसतो.

वाळवण हा दुसरा नाजूक भाग. सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास, गोणपाटावर किंवा चटईवर, पातळ थर, मग सावली. असं चार-पाच दिवस. पत्र्यावर किंवा सिमेंटच्या गच्चीवर भर दुपारी पसरलेलं बी बाहेरून छान खडखडीत दिसतं, पण तापमान चाळिशीच्या पुढे गेलं की आतला कोंब भाजतो. तशा बियांची आमटी उत्तम होते, रोप होत नाही. पुरेसं वाळलं की नाही हे दातांनी कळतं: दाण्यावर दाताचा वळ उठला तर ओल आहे, कट्कन दोन तुकडे झाले तर झालं. यंत्राच्या भाषेत कडधान्याच्या बियात ९ टक्के आणि भाताच्या बियात १३ टक्क्यांपर्यंत ओल चालते. या शास्त्रात एक ढोबळ नियम आहे, बियातली ओल एका टक्क्याने घटली की त्याचं आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं. म्हणजे आळसात वाचवलेला उन्हाचा एक दिवस पुढच्या वर्षाच्या उगवणीतून वळता होतो.

उन्हातून काढलेलं बी गरम असतानाच गाडग्यात भरलं की आतल्या आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. रात्रभर गार होऊ द्यावं. मग राख. चुलीतली, शेणी-लाकडाची, पूर्ण विझलेली, चाळलेली आणि त्याच दिवशी उन्हात कोरडी केलेली. बियाएवढीच राख घेऊन थरावर थर द्यायचे. राख इथे दोन कामं करते. दाण्यांमधली पोकळी भरल्याने भुंग्याला फिरायला आणि जोडीदार शोधायला जागा राहत नाही. आणि राखेच्या बारीक कणांनी त्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडला जातो, तो कोरडा पडून मरतो. चिमूटभर राख शिंपडून यातलं काहीच होत नाही. तीन दिवस परातीत पडून राहिलेली राख हवेतली ओल पिऊन बसते, ती तर घातलेली वाईट. ज्यांच्याकडे आता गॅसच आहे आणि राख मिळत नाही, त्यांनी किलोभर बियाला चहाचा एक चमचा, म्हणजे पाच मिली, खाद्यतेल हाताने चोळावं. अंड्याचा श्वास त्या तेलाने कोंडतो. गाडग्याचं तोंड शेणमातीने लिंपायचं आणि मृगापर्यंत ‘बघू तरी’ म्हणून उघडायचं नाही.

लिंपण फुटल्यावर पहिलं काम उगवण पाहण्याचं. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं आणि आठवडाभराने धड कोंब आलेले मोजायचे. बहुतेक कडधान्यांत ७५, भातात ८०, काकडी-भोपळ्यात ६० ही बाजारच्या प्रमाणित बियाण्याची किमान पातळी आहे. घरच्या बियाने ती गाठली तर त्या बाईने मान वर करून बी वाटावं. साठावर आलं तर टाकून न देता बियाचं प्रमाण वाढवायचं. घटस्थापनेला परडीत पेरलेलं धान्य पाहून रब्बीच्या बियाचा अंदाज घेतात, तो याच जातीचा प्रकार. फक्त तिथे कोणी शंभर मोजत नाही.

भाताची गोष्ट थोडी सोपी, कारण भात स्वतःच्याच परागाने दाणा धरतो. शेजारच्या खाचराची भीती फारशी नाही. अकोले तालुक्याच्या डोंगरात काळभात, रायभोग, जिरवेल, ढवळू असे वाण आहेत आणि त्यांचा घात होतो तो खळ्यावर. एकाच खळ्यावर, एकाच ताडपत्रीवर पाठोपाठ झोडणी झाली की चार मुठी इकडच्या तिकडे जातात आणि तीन हंगामांत वाण ओळखू येत नाही. म्हणून सोंगणीच्या आधी उभ्या पिकातून लोंब्या वेचायच्या, त्या घरी वेगळ्या झोडायच्या. पोटरीत, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याआधी, आणि दाणा भरताना शेतातून दोन फेऱ्या मारून उंचीत, रंगात, कुसळात वेगळी दिसणारी झाडं उपटून टाकायची. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी सोडायचं, तरंगेल ते पोचट म्हणून काढायचं, बुडालेलं दोन-तीन पाण्यांनी धुऊन सावलीत सुकवायचं. धुवायचं विसरलं तर मिठाने कोंब मार खातो.

भोपळा-दोडक्याचं मात्र अवघड आहे, आणि व्यासपीठावरून बियांची पुडी घेऊन गेलेली बाई फसते ती नेमकी इथे. तिने गावरान दोडका लावला, पहिल्या वर्षी झकास आला. शेजारच्या वावरात संकरित दोडका होता. मधमाशीला बांध कळत नाही. पुढच्या वर्षी स्वतःच्या बियातून जे उगवलं ते आईसारखं नाही, शेजाऱ्यासारखंही नाही. मग दोष गावरानाला. वेलवर्गीय पिकांच्या प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत अर्धा ते एक किलोमीटर अंतर लागतं. गुंठ्या-गुंठ्याच्या वाडीत ते कुठून आणणार? फुलं बांधणं हा एक उपाय. मादी फुलाखाली इवलंसं फळ असतं, नराचा देठ नुसता असतो. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, म्हणून आदल्या संध्याकाळी उद्या उमलतील अशा पिवळसर टोकाच्या कळ्या, नर आणि मादी दोन्ही, सुती दोऱ्याने बांधून ठेवायच्या. सकाळी सात-आठच्या आत नराच्या पाकळ्या काढून त्याचा पराग मादीच्या मध्यावर फिरवायचा, मादी पुन्हा बांधायची आणि देठाला रंगीत चिंधी लावायची. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, त्यांचं हेच काम दिवेलागणीला. उन्हं चढल्यावर केलेल्या बांधणीला फळ धरत नाही, आणि देठाला चिंधी नसली तर घरातलं कोणीतरी नेमकं तेच फळ भाजीला तोडतं. एक गोष्ट ठळक सांगायला हवी: दुधीचं फळ कडू लागलं तर ते खायचं नाही आणि त्याचं बी तर मुळीच ठेवायचं नाही. कडू दुधी विषारी असतो, आणि तो गुण बियातून पुढे जातो.

फुलं बांधायला रोज पहाटे आणि संध्याकाळी वेळ असणारी बाई खेड्यात मिळणं कठीण. त्यापेक्षा सोपा मार्ग बैठकीत बसून ठरवण्याचा आहे. या वस्तीत दोडका एकच, पलीकडच्या वाडीत दुसरा. एकीने काकडी सांभाळायची, दुसरीने पडवळ. बचत गटाची मासिक बैठक होतेच, त्यात वीस रुपये हप्त्यासोबत हाही विषय निघू शकतो. मला तर वाटतं गावरान बियाणं टिकवण्याची गरज ही बायकांच्या एकत्र येण्यामागचं उत्तम निमित्त आहे, कारण इथे एकटीचं कौशल्य पुरतच नाही. शेजारणीने ऐकलं नाही तर तुमचंही बी बिघडतं.

राहीबाईंच्या बियाणे बँकेची अट साधी म्हणून प्रसिद्ध झाली: जेवढं बी न्याल त्याच्या दुप्पट परत आणून द्या. पैशाचा व्यवहार नसल्याने नवऱ्याला विचारायचं कारण उरत नाही. अशी बँक दुसरीकडे उभारायला निघालेल्या गटांना मात्र अडचणी येतात आणि त्या ठरलेल्या असतात. परत आलेलं बी निवडलेलं नसतं, धान्यातलं उचलून आणलेलं असतं. ते जुन्यात मिसळलं की सगळंच गेलं. त्यामुळे परतफेडीचं बी महिनाभर वेगळ्या गाडग्यात, उगवण पाहिल्यावरच आत. पावसाने दगा दिला त्या वर्षी दुप्पट मागितलं तर बाई पुढच्या वर्षी फिरकत नाही. पीक बुडालं तर मुद्दलही पुढच्या हंगामावर, हे वहीत आधीच लिहिलेलं असावं. सगळं बी एकाच घरात ठेवलं आणि एका पावसाळ्यात भिंत गळली तर वाण संपला. प्रत्येक वाण निदान दोन घरांत हवा, शक्यतो दोन गावांत. वहीत वाणाचं नाव, कोणाकडून आलं, किती, कोणत्या महिन्यात, आणि एक ओळ गुणाची: ‘उशिरा येतो, भुंगा कमी’, ‘भाकरी पांढरी’, ‘पाऊस जास्त झाला की लोळतो’. शेवटची ओळ नसेल तर ती वही म्हणजे नुसती नावांची यादी.

आता जमिनीचा प्रश्न. देशातल्या वहिती जमिनीच्या खात्यांपैकी बायका खातेदार असलेली सुमारे १४ टक्के, हे २०१५-१६च्या कृषिगणनेतलं चित्र. बी निवडते बाई, राखते बाई, पण वावरात काय पेरायचं हे सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो ठरवतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’तून पुरुषांना बायकोच्या नावे जमीन करायला लावलं होतं, तो धागा पुढे हवा तेवढा ताणला गेला नाही. बायकांच्या बीजकार्याची सुरुवात परसबागेपासून होते त्याचं कारण मला यातच दिसतं. घरामागच्या दोन गुंठ्यांत मांडव घालायला कोणाची परवानगी लागत नाही. पण तिथेच अडकून राहिलं तर नागली, वरई, भात यांचे वाण वाचणार नाहीत. त्यांना वावर लागतं, म्हणजे घरातल्या निर्णयात वाटा लागतो. पद्मश्री मिळालेली बाई आपल्या वस्तीसारख्याच वस्तीतली, आपल्यासारखंच नऊवारी नेसणारी आहे, याचा उपयोग इथे होतो. जेवताना नवऱ्याशी वाद घालताना ते नाव कामाला येतं. कायदाही बाजूने आहे: २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, अदलाबदल करायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही, एवढीच अट.

राहीबाई एकट्या नाहीत. ओडिशात कोरापूटच्या कमला पुजारी यांनी भाताचे वाण राखले, त्यांना २०१९ची पद्मश्री मिळाली. मध्य प्रदेशात दिंडोरीच्या लहरीबाई या बैगा तरुणीने भरडधान्यांचं बी कोठ्यांत भरून ठेवलंय. तिघी आदिवासी, आणि तिघींबद्दल बोलताना वक्ते मातेचा, धरणीचा, वात्सल्याचा सूर लावतात. हा सूर मला खटकतो. वाण निवडणं ही माया नाही, ते तंत्र आहे. एखाद्या कृषी विद्यापीठातल्या पैदासकाराला कोणी ‘ज्वारीचा पिता’ म्हणून ओवाळत नाही. त्याला विचारतात, एकरी किती, रोग कोणता, दिवस किती. तेच प्रश्न या बायकांना विचारणं हाच त्यांचा मान.

आणि ते प्रश्न विचारले की गैरसोयीची उत्तरंही येतात. डोंगरातले अनेक जुने भात उंच वाढून परतीच्या पावसात लोळतात, दिवस जास्त घेतात, उतारा सुधारित वाणांपेक्षा कमी देतात. कमी खतात, हलक्या जमिनीत, पावसाच्या लहरीत ते तग धरतात हा त्यांचा गुण. भरपूर खत-पाण्यात ते हरतात. गावरान म्हणजे प्रत्येक रोगावर औषध, असं सांगत फिरणाऱ्यांनी या कामाचं नुकसानच केलं आहे. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाईकाने काळभाताला जास्त दर दिला तर तो पेरला जातो, नाहीतर घरच्या खाण्यापुरता एक कोपरा उरतो.

तो कोपराही दरवर्षी ठरवून राखावा लागतो. बियाणे बँकेत सगळे जण दोन-चार नावाजलेलेच वाण मागतात. उरलेली गाडगी उतरंडीत खाली जातात. घरच्या गाडग्यातलं भाताचं बी दोन-तीन पावसाळ्यांनंतर उगवणीला भरवशाचं राहत नाही, घेवड्याचं त्याहून थोडं जास्त टिकतं. म्हणून मे महिन्याच्या बैठकीत पहिली यादी मागणीची न करता उलटी करावी: गेल्या दोन हंगामांत कोणीच नेले नाहीत असे वाण कोणते. त्यांची पन्नास-पन्नास दाण्यांची उगवण पाहावी, आणि प्रत्येकाच्या चार-पाच ओळी तरी या आवणीत, म्हणजे लावणीत, कोणाच्या वावरात लागणार ते नावानिशी लिहून घ्यावं.